सध्या कुठला अल्बम चालू आहे? (अख्खा अल्बम हं, सुटं गाणं नको)

लोकलकर

मंडळी, असा धागा आधीच असेल तर सांगा, हा बंद करून तिकडे येतो.

झालं असं. डोंबिवली ते सीएसएमटी हा माझा रोजचा रस्ता. इतकी वर्षं कानात मोबाइल वाढेल ते वाजायचं. लताबाईंचं एक, त्याच्या मागून कुठल्याशा वरातीतलं, की लगेच कव्वाली. पंगतीत आधी जिलबी, मग ठेचा, मग परत जिलबी, तसं. गेल्या महिन्यात ऐन गाडीत डेटा संपला आणि फोनमध्ये कधीकाळी उतरवून ठेवलेला एकच अल्बम हाताशी उरला, 'कॉल ऑफ द व्हॅली'. फास्ट गाडी ठाण्याहून सुटली तेव्हा लावला, मशीद बंदर मागे पडताना संपला.

१९६७ची एलपी, म्हणजे मोठी तबकडी. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस. पहाटेचा राग अहिर भैरव, मग पिलू, दिवेलागणीला भूप, नंतर देस आणि शेवटी पहाडी. त्यातला पहाडीचा तुकडा मी सुटा शंभरदा ऐकला असेन. पण आधी भूप, मग देस असं करत त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा तो निराळाच लागला. दिवसभर राबलेल्या माणसाला अंथरूण दिसावं तसा.

तेव्हा नियम एकच. सध्या पहिल्यापासून शेवटपर्यंत जो अल्बम ऐकताय तो सांगा. किती वेळाचा ते मिनिटांऐवजी स्टेशनांत सांगितलंत तर आणखी बरं.

चकती

फोनवरची आवृत्ती कुठली ते बघून घ्या. पुढे सीडी काढताना शेवटी जास्तीचे तुकडे जोडले होते, तीच बऱ्याच ठिकाणी फिरते. पहाडी संपली, मेंढपाळ झोपला, एलपी तिथे थांबते. सीडीवाल्यांनी त्याला उठवून परत बसवलंय.

आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर आहेत. तीन मोठ्या नावांच्या गर्दीत त्यांचं नाव कुणी घेत नाही म्हणून मी घेते. ही रेकॉर्ड काढली एचएमव्हीच्या जी. एन. जोशींनी, म्हणजे भावगीताच्या सुरुवातीच्या काळातले गायक जोशी तेच. काब्रा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर दांडी सरकवत वाजवायचे. एरवीच्या गिटारीवर मधल्या पट्ट्यांमुळे सूर पायरी-पायरीने चढतो, इथे घसरगुंडी आहे, म्हणून मींड येते.

माझ्याकडे सध्या 'शिवकल्याणराजा' चालू आहे. १९७४, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाची. हृदयनाथ आणि लताबाई, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. रामदास, भूषण, कुसुमाग्रज एका माळेत ओवलेत आणि तरी गाठी दिसत नाहीत. यातलं एखाद-दुसरंच गाणं दरवर्षी मिरवणुकीत कर्ण्यावर ऐकू येतं, त्याची चीड येते. अख्खं ऐका. निवेदन वगळू नका.

स्टेशनं नाही सांगता येत. मी पार्ल्याची, तबकडी घरातच फिरते.

पुलावरचा_चहा

वा. वाचनखूण साठवली.

बोरिवली_स्लो

माझं जॅझ. हसू नका. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्ल्यू', १९५९. पाऊण तासाचा आहे, बोरिवलीला स्लो गाडीत लावला तर दादरच्या आसपास संपतो.

मला जॅझ कळत नव्हतं. भराभर बदलणारे कॉर्ड ऐकून दमायला व्हायचं, जत्रेत पाकीट सांभाळत चालल्यासारखं. हा अल्बम मला सापडला तो पेटीमुळे. पहिली रचना 'सो व्हॉट', ती ज्या स्वरांवर उभी आहे ते पेटीवर शोधायला बसलो तर गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. अरे, हा तर आपला काफी थाट, म्हणजे सात सुरांचा साचा! तिकडे त्याला डोरियन म्हणतात. मधल्या भागात तो अख्खा थाट अर्ध्या सुराने वर सरकतो आणि परत खाली येऊन बसतो. बस, एवढंच. बाकी जागा वाजवणाऱ्यांसाठी मोकळी. आपल्याकडे तानपुरा लागल्यावर जसं वाटतं की आता घाई नाही, तसं काहीतरी. म्हणजे तो राग आहे असं मी म्हणत नाहीये, नाना वगैरे मंडळी धावून येतील.

एक गंमत. ध्वनिमुद्रण दोनच दिवसांत झालं, मार्चात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा. पहिल्या दिवशी टेपचं एक यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे त्या टेपवरून निघालेली पहिली बाजू लोकांनी तीसेक वर्षं थोड्या चढ्या पट्टीत ऐकली. नव्वदच्या दशकात ती दुरुस्त केली. आता सांगा, ज्यांनी चढ्या पट्टीत ऐकून ऐकून पाठ केला त्यांचा खरा अल्बम कुठला?

गिरगावचा_नाना

धावून आलोच.

बोरिवली_स्लो, तुमच्या काफीला माझी हरकत नाही. तुम्ही पेटी काढून बसलात याचंच कौतुक. माझी हरकत लोकलकरांना आहे. सकाळी आठच्या गाडीत भूप आणि देस? भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरचा. आम्ही लक्ष्मीबागेत सतरंजीवर बसून गाणी ऐकली, तिथे गाणारा घड्याळाकडे बघून राग काढायचा. तुम्ही घामाच्या धारांत, कुणाची तरी बॅग बरगडीत, वर 'पुढील स्टेशन' चालू, आणि कानात देस. त्याला ऐकणं म्हणत नाहीत.

लोकलकर

नाना, पाया पडतो. पण मेंढपाळाचा अख्खा दिवस जर चाळीस मिनिटांत आवरतो तर मी कुठल्या वेळी लावायचा? पहाटे लावला तर भूप चुकणार, संध्याकाळी लावला तर अहिर भैरव चुकणार.

गिरगावचा_नाना

म्हणूनच ती मैफल नव्हे, देखावा आहे. चांगला देखावा आहे, मी नाही म्हणत नाही.

मैफलीचा हिशेब ठेवून केलेली तबकडी बघायची असेल तर किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्रीची बघा. एका बाजूला भूप, आधी 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे'. संपलं की उठायचं, तबकडी पालटायची, दुसऱ्या बाजूला बागेश्री. पालटताना बाहेर रात्र पुढे सरकलेली असते. मी आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातनंतर लावतो. फोन बंद, पंखा बारीक. सध्या काय ऐकतोय विचाराल तर हेच. 'सध्या' म्हणजे मागची चाळीस वर्षं.

चकती

नाना, +१. आणि त्या भूपात किशोरीताई किती थांबतात! एलपीची बाजू फार तर वीस-पंचवीस मिनिटांची. सहसा गवई त्यात कोंबाकोंबी करतात, आलाप उरकून ताना. या बाईंना जणू सांगितलंच नव्हतं की जागा संपणार आहे.

निळाई

धागा छान आहे पण एक बोलू का? राग मानू नका.

अल्बम, एलपी, बाजू पालटणं हे सगळं ज्यांच्या घरात दिवाणखाना होता त्यांचं. आमच्या घाटकोपरच्या वस्तीत गाणं खांबावरच्या कर्ण्यातून यायचं. एप्रिल महिना लागला की भीमजयंतीपर्यंत प्रल्हाद शिंदे सकाळ-संध्याकाळ. कॅसेट कुणाची, कव्हर कसलं, कुणाला माहीत नाही. पण कोणत्या गाण्यानंतर कोणतं येणार ते पोराटोरांना पाठ. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत जी खरखर होती तीसुद्धा पाठ. तुमचा नियम आम्ही न सांगता पाळत होतो, फक्त अल्बम हा शब्द नव्हता.

शिवाय वामनदादा कर्डकांची कित्येक गाणी आधी सभेत गायली गेली, गावोगाव लोकांनी उचलली आणि रेकॉर्ड नंतर कधीतरी निघाली, नाही तर निघालीच नाही. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या, कुणीतरी फोनवर टिपलं आणि ते घराघरांत गेलं. त्याला कुठल्या अल्बमात बसवणार?

मी सध्या काय ऐकतेय तर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून घेतलेला पेनड्राइव्ह. शेकड्यांनी गाणी आहेत, नावं अर्धी चुकलेली. त्यातून प्रल्हाददादांच्या जुन्या कॅसेटमधली गाणी वेचून पहिल्याच क्रमाने लावतेय, डोक्यात आहे तशी. आठ सापडली. दोन अजून सापडत नाहीत. दादांचा आवाज वरच्या पट्टीत गेला की कर्णा फाटायचा, पेनड्राइव्हवर फाटत नाही. तेवढंच काय ते चुकतं.

लोकलकर

निळाई, राग कसला. नियमच बदलतो. अल्बम म्हणजे ज्याचा क्रम तुम्हाला पाठ आहे ते सगळं. कर्ण्यावरचंसुद्धा. ती दोन कुठली ते इथे लिहा, कुणाकडे तरी असतील.

निळाई

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आरेचा_पोरगा

ताईने बरं केलं तोंड उघडलं, मी घाबरून बसलो होतो की इथे रॅप चालेल का.

'स्वदेसी'चा 'चेतावनी', २०२०. मुंबईतलीच पोरं, मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली एकाच अल्बमात. एक वर्ष आधी यांचंच 'द वारली रिव्हॉल्ट' आलं होतं, आरेतल्या प्रकाश भोईरांच्या आवाजातलं आदिवासी गाणं आणि त्यावर मराठी रॅप. तेव्हा आरेतली झाडं वाचवायची म्हणून रात्री जागलो होतो, कानात तेच होतं. अल्बम त्याच्या पुढचा. मराठी रॅप म्हटलं की लोकांना वाटतं हिंदीचं भाषांतर. इथे शब्द तोंडात अडखळत नाहीत, पोवाडा म्हणणारा जसा श्वास राखून ठेवतो तसा राखलाय.

नाना, एकदा ऐका. वेळ कुठलीही चालेल.

गिरगावचा_नाना

ऐकतो. पण ताल सांगा.

आरेचा_पोरगा

चाराचा, नाना. सोळा ओळींचा एक कडवा धरा. समेवर यमक.

गिरगावचा_नाना

कडवा नव्हे, कडवं. बाकी ठीक.

संपादक मंडळ

धागा रंगतोय. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या बेताने कराव्यात ही विनंती.

माहीमकर

'शक्ती'चा 'धिस मोमेंट'. २०२३चा, त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. जॉन मॅक्लॉफ्लिन, झाकिरभाई (हुसेन), शंकर महादेवन, सेल्वागणेश, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन. तेव्हा दोन-चारदा ऐकून ठेवून दिला होता, फार चकाचक वाटला. २०२४च्या डिसेंबरात झाकिरभाई गेले आणि मग लावला. तेव्हापासून महिन्यातून एकदा लावतोच. चकचकाट अजूनही आहे, पण त्याच्या खाली तबला काय काय बोलतोय तिकडे आता कान जातो. शंकरच्या सरगमला झाकिरभाई उत्तर देतात ते हसून देतात असं वाटतं.

आमच्या माहीमचा माणूस. सेंट मायकलमध्ये शिकला. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं सांगतात की अल्लारखाँसाहेबांच्या घराखालून जाताना पावलं आपोआप तालात पडायची. खरं-खोटं देव जाणे.

ज्यांना 'धिस मोमेंट' जास्त गोड वाटेल त्यांनी १९८७चा 'मेकिंग म्युझिक' घ्या. झाकिरभाई, हरीजी, मॅक्लॉफ्लिन आणि नॉर्वेचा यान गार्बारेक सॅक्सोफोनवर. ऑस्लोत ध्वनिमुद्रित केलेला. त्यात दोन सुरांच्या मधे हवा आहे. थंडी वाजते ऐकताना.

पुलावरचा_चहा

अवांतर : पाऊस पडतोय आणि अजून कुणी 'गारवा' काढला नाही? तब्येती बऱ्या आहेत ना सगळ्यांच्या?

मैना_चाळीतली

मी काढणार होते, लाजत होते. मिलिंद इंगळे आणि सौमित्र. आधी कविता, मग गाणं, परत कविता. आमच्या कॉलेजात प्रत्येकाला वाटायचं ती कविता आपल्यासाठीच लिहिलीय. आज ऐकताना मधेमधे हसू येतं, पण थांबवता येत नाही. खिडकीत उभं राहून ऐकण्याचा अल्बम आहे, बसून नाही.

पण या नव्या नियमात बसतं म्हणून दुसरंच सांगते. आमच्या बाबांनी रेडिओवरून भरलेली कॅसेट. नव्वद मिनिटांची, एकेका बाजूला पंचेचाळीस. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, त्यातली कुमार गंधर्वांची मैफल. बाबांकडे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र होतं, पण त्यातला टेप बिघडला होता, म्हणून शेजारच्या काकांचा टेप आणून रेडिओसमोर ठेवला आणि आम्हाला सगळ्यांना गप्प बसवलं. आम्ही गप्प बसलो. पलीकडच्या खोलीतल्यांचा कुकर गप्प बसला नाही. ते लोक रात्री दहाला जेवायचे. मध्यलयीतल्या बंदिशीत, कुमारजी एक जागा घेऊन थांबतात आणि तिथे बरोबर शिटी. तीन शिट्या आहेत एकंदर. तिसरी तर जवळजवळ सुरात आहे.

आणि पंचेचाळीस मिनिटं झाली तिथे बाजू संपली. खट्. बाबा पालटेपर्यंत मधलं थोडं गेलंच.

तीस वर्षं मी ती मैफल तशी ऐकली. मागच्या वर्षी त्याच मैफलीचं स्वच्छ ध्वनिमुद्रण एका भल्या माणसाने मला दिलं. पूर्ण, अखंड. ऐकायला बसले. शिटीच्या जागी कुमारजी नुसतेच थांबतात. एवढा वेळ थांबतात हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं ते शिटीमुळे थांबले. आणि ती 'खट्'ची जागा आली तेव्हा मी उठून उभी राहिले, पालटायला.

बाबा नाहीत आता. सध्या दोन्ही आलटून पालटून ऐकतेय.

लोकलकर

…

चकती

मैना, ती कॅसेट लवकरात लवकर संगणकावर उतरवून घे. पाऊस आहे, टेपला बुरशी धरते. उघडून बघ, फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसतेय का. दिसली तर टेपमध्ये घालू नकोस, त्याच्या डोक्याला लागेल आणि पुढच्या कॅसेटलाही लागेल. फितीच्या मागे पितळी पट्टीवर लोकरीचा बारीक चौकोन असतो, जुन्या कॅसेटमध्ये तो गळून पडतो आणि आवाज दबतो. दुसऱ्या फालतू कॅसेटचा काढून बसवता येतो. पार्ल्याला आलीस तर मी करून देईन.

मैना_चाळीतली

रविवारी येते ताई. डबा आणू का?

चकती

कुकर नको.

गिरगावचा_नाना

कुमारांचं नाव निघालं म्हणून. हा माणूस अकरा-बारा वर्षांचा असताना आमच्या ऑपेरा हाऊसजवळच्या देवधर मास्तरांच्या शाळेत शिकायला आला. पुढे क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं पडून राहिले, आणि उठले ते माळव्यातल्या बायकांची गाणी कानात घेऊन. 'गीत वर्षा' ऐकलाय का कुणी? पावसाची वाट बघण्यापासून पाऊस सरेपर्यंत, राग आणि लोकगीतं एकापुढे एक लावलेली. तुम्ही ज्याला अल्बम म्हणता ना लोकलकर, तो हा. क्रम बदललात तर आधी चिखल आणि मग ढग असं होईल.

मैनाताई, तिसरी शिटी कुठल्या सुरात आहे ते कळवा.

मैना_चाळीतली

पंचमाच्या किंचित खाली, नाना.

अवकाशवेडा

माझं उत्तर खोटं वाटेल पण खरं आहे. व्हॉयेजर यानांवर १९७७ साली पाठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. सत्तावीस रचना, दीड तास. २०१७मध्ये ती एलपीच्या रूपात आपल्यासारख्यांना मिळू लागली. मी फोनवर ऐकतो, कल्याण ते सीएसएमटी स्लोने जातो म्हणून पुरते.

सगळ्यांना माहीत असतं की त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. क्रमात ती कुठे आहे हे मात्र मी ऐकेपर्यंत मला माहीत नव्हतं. तिच्या आधी चीनमधलं 'वाहते झरे' नावाचं एकट्या तंतुवाद्यावरचं वादन. त्यानंतर बाई. साडेतीन मिनिटं. आणि त्यांच्या मागोमाग ब्लाइंड विली जॉन्सन, अमेरिकेतला आंधळा काळा गवई, ज्याच्या गाण्यात शब्दच नाहीत, नुसतं हुंकारणं आणि गिटारवरची मींड. मग बेथोव्हेनची चार तंतुवाद्यांची एक संथ रचना, आणि तबकडी संपली. म्हणजे आपली भैरवी शेवटून तिसरी. मैफल आवरायची वेळ. ज्याने लावली त्याला भैरवी कधी गातात हे ठाऊक असेल का, की योगायोग? मी योगायोगच धरतो, पण कुर्ला-सायनच्या मधे ते ऐकताना अंगावर काटा येतो.

दुसरं यान, ज्याला व्हॉयेजर १ म्हणतात, ५ सप्टेंबर १९७७ला सुटलं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. अकरा दिवस.

गिरगावचा_नाना

बाई रेकॉर्डच्या बाबतीत भारी कडक. साध्या बाजारात फार तबकड्या येऊ दिल्या नाहीत, आणि शेवटी जिथे कुणी गिऱ्हाईकच नाही तिथे पोचल्या.

भैरवी ही भैरवीच्या जागी आहे एवढं वाचून समाधान झालं.

धोबीतलाव

बोरिवली_स्लोला उत्तर राहिलं. भाऊ, जॅझ ऐकायला न्यूयॉर्कला जायला नको. 'अलबेला' लावा, १९५१, सी. रामचंद्र. त्यांच्याबरोबर गोव्याचा चिक चॉकलेट, ताजमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. त्या सिनेमात तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या धोबीतलावाच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत, गोव्याहून आलेले वाजवणारे राहायचे. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, रविवारी चर्च. तुम्ही ऐकता त्या जुन्या हिंदी गाण्यांचं अर्धं वाद्यमेळाचं काम यांचं, कव्हरवर नाव मात्र नसायचं. चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचंच, गाणं म्हणून ऐकलंय ना इतकी वर्षं, आता एकदा गाणं सोडून मागचं ऐका.

जुना हिंदी सिनेमा अल्बम म्हणून चालेल का? तबकड्या तर सुट्या निघायच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, बाजूला एक गाणं.

चकती

तुमच्याकडे असतील तर सगळं चालेल! विकायच्या आहेत का?

आणि सगळ्यांनाच, ७८ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नका. तिची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद असते, बारीक सुई तळाशी लोळते, खरखर वाढते. वेगळी सुई मिळते. मी हे मागच्या पावसाळ्यात सहाशे रुपये घालवून शिकले. फोर्टातल्या एका दुकानदाराने 'कुठलीही चालते ताई' म्हणून सांगितलं होतं. त्याच्याचकडची एलपी घरी आणून फिरवली तर बशीसारखी वाकलेली निघाली, सुई लाटेवर होडी चालावी तशी वर-खाली.

पावसाळ्यासाठी : तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. कागदी आतली पाकिटं ओल धरतात, ती बदला. कपाटाचं दार दिवसातून थोडा वेळ उघडं टाका. पांढरे ठिपके दिसले तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचेच्या दिशेने गोल. मधल्या कागदाला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी नको, क्षार राहतात. उन्हात वाळवायला ठेवणाऱ्या एका काकांना मी ओळखते. त्यांच्याकडे आता भिंतीवर टांगायला छान वाट्या आहेत.

धोबीतलाव

विकायच्या नाहीत. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये काचेच्या खोलीत उभं राहून तासन्‌तास फुकट ऐकलेला माणूस आहे मी. २०१६ला ते बंद झालं तेव्हा शेवटच्या आठवड्यात गेलो होतो. काय घ्यावं सुचेना, शेवटी रिकामी आतली पाकिटं घेऊन आलो.

आरेचा_पोरगा

नाना, ऐकलंत का?

गिरगावचा_नाना

ऐकलं. शब्द ऐकू येतात, हे विशेष. आजकालच्या गाण्यात येत नाहीत. तालाला पक्के आहेत. स्वराबद्दल नंतर बोलू. आदिवासी गाण्याचा जो तुकडा आहे तो माझ्या कानातून जात नाही, त्याची चाल खालच्या तीन-चार सुरांत फिरते आणि तरी कंटाळा येत नाही. त्यांचं आणखी असेल तर सांग.

निळाई

दोनातलं एक सापडलं!! या धाग्यावरच्याच एकाकडे होतं, नाव सांगू नको म्हणालेत. चौथ्या नंबरचं. लावून बघितलं, तिसऱ्याच्या मागे फिट्ट बसलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आता पाचवं लाव.

लोकलकर

तीन दिवस वाचतच होतो. काल काय झालं ते लिहितो.

संध्याकाळी पावणेसहाला सीएसएमटीला गाडीत बसलो, 'कॉल ऑफ द व्हॅली' लावला. चकतीताईंचं ऐकून शेवटचे जोडलेले तुकडे काढून टाकलेत. सायन गेलं आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी थांबली. रुळांवर पाणी. नेटवर्क नाही, पंखे बंद, बाहेर नुसता पाऊस. मेंढपाळ झोपला, मी परत उठवला. परत झोपला, परत उठवला. डब्यात लोकांनी बिस्किटाचे पुडे फोडले, एका काकांनी भिजलेले मोजे दांडीला टांगले. तिसऱ्यांदा भूप लागला तेव्हा बाहेर बघितलं तर पलीकडच्या इमारतींत दिवे लागले होते.

गिरगावचा_नाना

किती वाजले होते?

लोकलकर

साडेसातला पाच-सात मिनिटं कमी.

गिरगावचा_नाना

मग बरोबर लागला.